जनरेटरची सर्व्हिसिंग: कुठलं काम आधी, कुठलं नंतर आणि चुकतं कुठे

जनरेटर ऐन वेळी सुरू झाला नाही असा फोन आला की मी दोन गोष्टी विचारतो. अवर मीटरवर किती तास दिसतात आणि ऑइल शेवटचं कधी बदललं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: "वर्षभरात 40 तास पण चालला नाही, म्हणून सर्व्हिसिंग केली नाही." सगळी गडबड इथूनच सुरू होते. उभा जनरेटरही खराब होतच असतो. बॅटरी उतरते, टाकीत पाणी साचतं, ऑइलमध्ये ओलावा आणि आम्ल वाढतं, रबर कडक होतं. अवर मीटरला यातलं काहीच कळत नाही.

दुसरी चूक क्रमाची. ऑइल गरम असताना काढायचं असतं, रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं असतं आणि टाकीतलं पाणी मशीन सुरू करण्याआधी काढायचं असतं. हे उलटसुलट केलं की मेहनत तेवढीच होते, पण काम अर्धवट राहतं.

खालची पद्धत 15 ते 125 केव्हीएच्या, पाण्याने थंड होणाऱ्या, कॅनोपीतल्या (आवाज दाबणाऱ्या पत्र्याच्या पेटीतल्या) सेटसाठी आहे. नाशिकमधल्या गंगापूर रोड-पाथर्डी फाट्याच्या सोसायट्यांत, सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपांत आणि पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये साधारण हेच सेट असतात. तुमच्या मॅन्युअलमधला आकडा इथल्यापेक्षा वेगळा असेल तर मॅन्युअलचा धरा.

## कधी करायची

मॅन्युअलमध्ये तास आणि महिने दोन्ही दिलेले असतात. जे आधी भरेल ते धरायचं. पॅकहाउसला हंगामात तास आधी भरतात, सोसायटीला महिने.

नाशिकच्या हिशोबाने वर्षात दोन तारखा ठरवून टाका. पहिली मेच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे वळवाचे वारे सुटून तारांवर फांद्या पडायच्या आधी. दुसरी नोव्हेंबरअखेर. निफाडला पारा 5 अंशांच्या खाली गेल्याची बातमी हिवाळ्यात वाचतो आपण. तशा पहाटे दमलेली बॅटरी सेल्फ फिरवत नाही, आणि त्यानंतर लगेच द्राक्षाचा हंगाम सुरू होतो. मेची फेरी पूर्ण करायची, ऑइल आणि सगळ्या फिल्टरसकट. नोव्हेंबरमध्ये ऑइल आणि फिल्टर सोडून बाकी सगळं. मधल्या काळात मॅन्युअलमधले तास किंवा महिने भरले असतील तर तेव्हाही ऑइल बदला.

## आदल्या दिवशीची तयारी

सामान आधी जमवा. ऑइल निथळत असताना फिल्टर आणायला दुकानात धावायची वेळ आली की घाईत मिळेल तो फिल्टर बसवला जातो.

ऑइल मॅन्युअलमधल्या दर्जाचंच घ्या. बहुतेक सेटना 15डब्ल्यू40 चालतं, पण 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या सीपीसीबी फोर प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धुराच्या) निकषांच्या नव्या सेटना वेगळ्या दर्जाचं ऑइल लागू शकतं. त्यामुळे डब्यावरचा दर्जा नीट वाचून घ्या. सोबत ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर (काही सेटना दोन असतात), एअर फिल्टर, ड्रेन प्लगचं नवं वॉशर, त्याच कंपनीचं तयार कूलंट, डिस्टिल्ड वॉटर, मल्टिमीटर, फिल्टर काढायचा पाना, नरसाळं, ऑइल धरायला घमेलं आणि झाकणाचा रिकामा ड्रम ठेवा. पुसायला धागे न सुटणारं सुती कापड वापरा. कॉटन वेस्टचे तंतू फिल्टरच्या बैठकीला चिकटतात.

दुकानात जुना फिल्टर दाखवून "असाच द्या" म्हणू नका. मागच्या वेळी चुकीचा बसवला असेल तर तीच चूक पुढे चालू राहते. इंजिनच्या प्लेटवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर मोबाइलमध्ये काढून न्या.

बॅटरी चार्जरचा सप्लाय आदल्या संध्याकाळी बंद करा. का, ते टप्पा 3 मध्ये येईल. सोसायटीत किंवा कारखान्यात उद्या जनरेटर उपलब्ध नसेल हेही त्याच दिवशी सांगा. लिफ्टमध्ये माणूस अडकल्यावर सांगून उपयोग नाही.

## टप्पा 1: मशीन आपोआप सुरू होणार नाही याची व्यवस्था

हा टप्पा गाळणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांची खरोखर भीती वाटते. एएमएफ पॅनेल असलेला सेट लाइट गेली की काही सेकंदांत स्वतःच सुरू होतो. त्या क्षणी तुमचा हात बेल्टजवळ असेल तर पंखा थांबणार नाही.

1. पॅनेलचा सिलेक्टर ऑफवर घ्या.
2. इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबून ठेवा.
3. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, पॉझिटिव्ह नंतर. उलट केलं तर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते.
4. पॅनेलवर "काम चालू आहे, सुरू करू नये" असा बोर्ड लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

तपासा: स्टार्ट बटण एकदा दाबून पाहा. काहीच हललं नाही तरच पुढे जा.

## टप्पा 2: थंड मशीनवरची पाहणी

मशीन रात्रभर बंद असलेलं हवं, म्हणून सकाळची वेळ चांगली.

डिझेलमधलं पाणी. रात्रभर उभ्या टाकीत पाणी तळाला बसलेलं असतं. मशीन सुरू केलं की ते डिझेलमध्ये ढवळून फिल्टरकडे जातं. म्हणून आधी टाकीच्या तळाचा ड्रेन आणि मग वॉटर सेपरेटरचा ड्रेन उघडा आणि आलेलं डिझेल काचेच्या बरणीत धरा. दहा मिनिटं तशीच ठेवा. पाणी खाली वेगळं दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. बरणीत काळपट, शेवाळासारखा चिकट गाळ आला तर टाकीत जंतूंची वाढ झाली आहे. तेव्हा फक्त फिल्टर बदलून भागत नाही, टाकी रिकामी करून साफच करावी लागते.

पावसाळ्यात ही अडचण वाढते. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या हवेतला ओलावा थंड पत्र्यावर जमतो आणि खाली ओघळतो. जून लागायच्या आधी टाकी भरून ठेवा. पण दोन वर्षांचं डिझेल साठवून ठेवू नका, सहा महिन्यांत वापरलं जाईल इतकंच घ्या.

ऑइलची पातळी. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल पातळ असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल गळून ऑइलमध्ये उतरतंय. दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळतंय.

सावध: या दोन्हींपैकी काही दिसलं तर मशीन सुरू करू नका, इथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. नवं ऑइल भरून हा दोष झाकला जाईल, जाणार नाही.

कूलंट. झाकण उघडायची वेळ हीच. गरम रेडिएटरमध्ये कूलंट दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उकळतं पाणी चेहऱ्यावर येतं. पातळी कमी असेल तर त्याच प्रकारचं तयार कूलंट घाला. रंग वेगळा म्हणजे रसायनही वेगळं असू शकतं. दोन प्रकार मिसळले तर कधी कधी साका तयार होतो.

नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं आणि त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. एका सोसायटीत वॉचमनने दोन वर्षं प्रामाणिकपणे दर आठवड्याला टाकीचं पाणी टॉपअप केलं होतं. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. मेमध्ये लोड आला की दहा मिनिटांत सेट गरम होऊन बंद पडायचा. रेडिएटर उघडला तेव्हा जवळपास अर्ध्या नळ्या पांढऱ्या पडून बुजलेल्या निघाल्या. आणि दर आठवड्याला टॉपअप लागत होतं, म्हणजे मुळात गळती होती. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

कॅनोपीच्या आतून. टॉर्च घेऊन एक फेरी मारा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, सुकलेली घरटी, जाळीवर साचलेला पाला, होजखाली ओले डाग. जमिनीवरचे थेंब बोटाने तपासा, ऑइल, डिझेल आणि कूलंट तिन्हींचा स्पर्श वेगळा असतो.

## टप्पा 3: बॅटरी

जनरेटर सुरू न होण्याचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीचं तपासलं जातं तेही हेच.

चार्जर चालू असताना मीटर लावला तर तो चार्जरचा व्होल्टेज दाखवतो, 13.5च्या आसपास. मेलेली बॅटरीही तेव्हा ठणठणीत वाटते. रात्रभर चार्जर बंद ठेवून सकाळी घेतलेलं माप खरं. 12 व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी 12.6च्या आसपास दाखवते. 12.4 म्हणजे पाऊण, 12.2च्या आसपास म्हणजे निम्मी. मोठ्या सेटना दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. तेव्हा प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा.

पाणी लागणारी बॅटरी असेल तर प्लेट बुडालेल्या आहेत ना पाहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. टर्मिनलवरचं पांढरं-हिरवं फुल खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. ते पाणी छिद्रांतून सेलमध्ये जाऊ देऊ नका. कोरडं करून टर्मिनल घट्ट करा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून तार बसवू नका.

आता पॉझिटिव्ह तार आधी जोडा, निगेटिव्ह शेवटी.

तपासा: पुढच्या टप्प्यात सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाला मीटरवर नजर ठेवायला सांगा. 12 व्होल्टच्या सेटवर सेल्फ फिरताना आकडा 9.6च्या खाली घसरला तर आधी टर्मिनल आणि तारा तपासा. त्या ठीक असतील तर बॅटरी बदलायला झाली आहे, मग सकाळचा आकडा 12.6 का असेना.

## टप्पा 4: गरम करून थांबवणं

इमर्जन्सी बटण मोकळं करा, सिलेक्टर मॅन्युअलवर घ्या आणि सुरू करा. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्या. तीन वेळांत सुरू झाला नाही तर कारण शोधा, सेल्फ जाळू नका.

सुरू होताच ऑइल प्रेशर पाहा. काही सेकंदांत ते चढलं नाही तर लगेच बंद करा. साधारण 15 मिनिटं थोड्या लोडवर चालवा, लोड काढा, आणखी 3 ते 5 मिनिटं रिकामं चालू द्या आणि मग बंद करा. टर्बो असलेल्या इंजिनाला शेवटची ही मिनिटं फार गरजेची असतात, नाहीतर गरम टर्बोत अडकलेलं ऑइल जळून बसतं.

बंद झालं की टप्पा 1 पूर्ण पुन्हा करा. बटण, सिलेक्टर, बॅटरीची तार, बोर्ड.

## टप्पा 5: ऑइल आणि ऑइल फिल्टर

ऑइल कोमट-गरम असतानाच काढा. थंड ऑइल हळू निथळतं आणि गाळ तळालाच राहतो. पण हात भाजेल इतकं गरम नको, हातमोजे घालूनच प्लग खोला. वरचं भरण्याचं झाकण उघडं ठेवा म्हणजे ऑइल लवकर उतरतं. थेंब थेंब होईपर्यंत निथळू द्या.

तोवर फिल्टर काढा. आणि फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी रिंग त्याच्यासोबत आलं आहे का ते डोळ्यांनी पाहा. हे मुद्दाम लिहायला कारण आहे. एका पॅकहाउसवर जुनं रिंग बैठकीलाच चिकटून राहिलं होतं आणि त्यावर नवा फिल्टर नव्या रिंगसकट चढवला गेला. रिकामं चालवलं तेव्हा थेंबही गळला नाही. संध्याकाळी कंप्रेसरचा लोड आला, प्रेशर वाढलं आणि दोन रिंगांच्या मधून सगळं ऑइल कॅनोपीत फेकलं गेलं. ऑइल प्रेशरचं सेफ्टी स्विच चालू होतं म्हणून इंजिन वाचलं.

बैठक पुसा, नव्या रिंगला बोटाने ऑइल लावा, फिल्टर हाताने फिरवून रिंग टेकेपर्यंत आणा आणि त्यापुढे फिल्टरवर लिहिलेलं असेल तेवढंच, बहुधा पाऊण फेरा, आवळा. पान्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी फुटूनच निघतो. ड्रेन प्लगला नवं वॉशर लावून तो बसवा, मग ऑइल भरा. सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरून थांबा आणि डिपस्टिक पाहत वाढवा.

जुनं ऑइल ड्रममध्ये भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या रिसायकलरलाच द्या आणि पावती ठेवा. सातपूर-अंबडच्या नाल्यांचं पाणी नंदिनीत आणि तिथून गोदावरीत जातं. गटारात ओतलेलं ऑइल कुठे पोचतं ते वेगळं सांगायला नको.

## टप्पा 6: डिझेल फिल्टर आणि एअर काढणं

टाकीचा कॉक बंद करा, फिल्टर काढा, बैठक पुसा, नवा बसवा, कॉक उघडा. नवा फिल्टर बाहेरच्या डिझेलने भरून बसवायची सवय अनेकांना आहे. मधल्या छिद्रातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपाकडे जातं. त्यापेक्षा हँड प्रायमरने भरा.

जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनावर फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू थोडा सैल करून हँड प्रायमर मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग डिझेलची धार. धार चालू असतानाच स्क्रू बंद करा. प्रायमर थांबवून स्क्रू आवळला तर हवा परत आत जाते आणि मग लोक तासभर सेल्फ मारत बसतात.

सावध: कॉमन रेल (नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) इंजिनावर इंजेक्टरचे पाइप सैल करून एअर काढायचा प्रयत्न करू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्यासारखी लहान दिसते, पण तशी धार लागली तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

## टप्पा 7: एअर फिल्टर

फिल्टरवर इंडिकेटर असेल आणि लाल दिसत असेल तर बदला. नसेल तर वर्षाला बदला आणि कच्च्या रस्त्यालगत सेट असेल तर त्याआधी. कागदी फिल्टर जमिनीवर आपटू नका आणि कंप्रेसरच्या जोरदार हवेने फुंकू नका. घडीला पडलेलं बारीक भोक डोळ्याला दिसत नाही, पण त्यातून गेलेली धूळ लायनर घासते. नवा बसवण्याआधी डबा ओल्या कापडाने आतून पुसा आणि इनलेटचा रबरी होज व क्लिपा तपासा. तिथे चीर असेल तर नवा फिल्टर असून नसल्यासारखा.

## टप्पा 8: बेल्ट आणि होज

बेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबला की साधारण 10 ते 12 मिलिमीटर दबला पाहिजे. चमकणारा, भेगाळलेला किंवा कडेने तंतू सुटलेला बेल्ट बदला. होज दाबून पाहा. कडक किंवा फुगलेला असेल तर तोही बदला.

## टप्पा 9: आल्टरनेटर, पॅनेल, अर्थिंग

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आल्टरनेटरच्या जाळ्यांवरची धूळ काढणं, टर्मिनल बॉक्स उघडून पाली-कीटक काढणं, सगळे लग (तारांच्या टोकांचे जोड) घट्ट आहेत ना पाहणं आणि पावसाळ्यानंतर इन्सुलेशन मोजणं. मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावण्याआधी एव्हीआरच्या (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाच्या) तारा सोडवल्या नाहीत तर 500 व्होल्ट थेट त्यात जातात आणि एव्हीआर जळतो. माप 1 मेगाओहमपेक्षा कमी आलं तर वाइंडिंग वाळवल्याशिवाय सेट लोडवर घेऊ नका.

अर्थिंगचे बॉडीचे दोन आणि न्यूट्रलचे दोन जोड वेगवेगळे आहेत ना, गंजले नाहीत ना, हे पाहा. एप्रिल-मेमध्ये जमीन वाळून तडकते, तेव्हा अर्थ पिटात पाणी घाला.

सावध: चेंजओव्हर स्विचला (लाइट किंवा जनरेटर, एकच जोडणाऱ्या स्विचला) बगल देऊन जनरेटर कधीही जोडू नका. तुमचा करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमधून जाऊन लाइनवर चढतो आणि लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाचा जीव जातो.

## टप्पा 10: खऱ्या लोडवर चाचणी

बॅटरी जोडा, बोर्ड काढा, मॅन्युअलवर सुरू करा. पहिली पाच मिनिटं रिकामं चालवून फिल्टर, प्लग, होज यांच्याखाली टॉर्च मारा. गळती नसेल तर लोड द्या.

"दर रविवारी पाच मिनिटं चालवतो" हे अनेक सोसायट्यांत अभिमानाने सांगितलं जातं. रिकामं, थोडा वेळ चालवल्याने इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी, ओलं तेल सायलेन्सरमध्ये आणि रिंगांत साचतं. एक्झॉस्टच्या जोडांवर काळं, चिकट ओघळ दिसलं तर हेच झालं आहे असं समजा. महिन्यातून एकदा किमान 30 मिनिटं, क्षमतेच्या किमान 30 टक्के लोडवर चालवा.

हिशोब सोपा आहे. 62.5 केव्हीएचा सेट म्हणजे 50 किलोवॉट, त्याचे 30 टक्के म्हणजे 15. जिन्याच्या दिव्यांनी तेवढा लोड होत नाही. 5 एचपीचा पंप जेमतेम 4 किलोवॉटच्या आसपास घेतो. दोन्ही पंप, दोन्ही लिफ्ट आणि क्लबहाउसचे एसी एकाच वेळी चालवायचं ठरवा. तरीही जमत नसेल तर वर्षातून एकदा लोड बँक (चाचणीसाठी कृत्रिम लोड देणारं यंत्र) भाड्याने आणा. पॅकहाउसमध्ये कंप्रेसर एकेक करून घ्या. सगळे एकदम सुरू केले तर सेट दबतो.

लोडवर असताना हे लिहून घ्या: तिन्ही फेजचा व्होल्टेज आणि अँपियर, फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या आसपास, ऑइल प्रेशर, कूलंटचं तापमान, बहुधा 75 ते 95 अंशांत, आणि धुराचा रंग. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. लोडवर सतत काळा असेल तर हवा कमी किंवा लोड जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा हटतच नसेल तर कूलंटची पातळी पुन्हा पाहा.

## टप्पा 11: परत ऑटोवर

लोड काढा, 3 ते 5 मिनिटं थंड होऊ द्या, बंद करा, 15 मिनिटांनी डिपस्टिक पुन्हा पाहा. नव्या फिल्टरमध्ये ऑइल भरल्याने पातळी थोडी उतरलेली असते. तेवढं ऑइल घाला.

नोंदवहीत तारीख, अवर मीटर, वरचे आकडे आणि भरलेलं डिझेल लिहा. लिटरमागे साधारण 3 युनिट मिळतात. तुमचा आकडा महिन्यागणिक घसरत असेल तर इंजेक्टर तपासायला लावा.

आता चार्जरचा सप्लाय चालू करा, इमर्जन्सी बटण मोकळं आहे ना पाहा, टाकीचा कॉक उघडा आहे ना पाहा आणि सिलेक्टर मॅन्युअलवरून ऑटोवर आणा. शेवटी मेनचा स्विच इलेक्ट्रिशियनकडून एकदा बंद करवून सेट स्वतः सुरू होतो का, लोड घेतो का आणि लाइट आल्यावर स्वतः सोडतो का, हे समोर उभं राहून बघा. सिलेक्टर मॅन्युअलवरच राहिल्यामुळे नुकताच सर्व्हिस केलेला सेट पहिल्याच वादळी रात्री गप्प उभा राहिल्याचं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.